दुसऱ्या खुंटाचा नियम

"बोट! आत्ता! गेली बघ, लायल. ती गाडी गेली, आता बोट कुणाला दाखवतोयस, मेंढ्यांना?"

शेजारच्या सीटवरून त्याची बायको ग्वेन ओरडली. लायलने उचललेलं बोट स्टिअरिंगवर परत ठेवलं. आरशात गावातल्या स्नोची गाडी धुळीत लहान लहान होत गेली.

यारापिन गावात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. जो उचलत नाही तो शहरातला, नाहीतर मेलेला. लायल जन्मापासून इथलाच. शाळेची बस चालवता चालवता केस पिकले, पण त्याने कधी बोट उचललं नव्हतं. दोन्ही हात चाकावर ठेवावेत असं पुस्तकात लिहिलंय, म्हणून.

"परवाना कार्यालयाची शहरातली बाई तुझ्या शेजारी बसून बघणार आहे," ग्वेन म्हणाली. "तिला तू चारचौघांसारखा दिसला पाहिजेस. नीट ऐक. समोरच्या गाडीत आणि आपल्यात रस्त्याकडेचे दोन पांढरे खुंट उरले, की बोट. तीन असताना उचललं तर उतावळा. एक उरल्यावर उचललं तर आखडू."

"तुला कसं कळलं?"

"सगळ्यांना कळतं."

लायलने मान हलवली. नियम असला की त्याला बरं वाटे.

"आणि हे सगळं कशापायी?" ग्वेन पुन्हा सुरू झाली. "डॉक्टरांचं बोलणं कानाआड करता आलं नसतं?"

"ते म्हणाले, तुम्हाला ऑटिझम आहे, परवाना कार्यालयाला कळवावं लागेल. मी कळवलं."

"कार्यालय आलं होतं का विचारायला?"

"नियम आहे."

"नियम! परवाना गेला तर बस गेली. बस गेली की तू दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात. मग मी कुठे जाऊ, गव्हात?"

खरं तर त्या डॉक्टरांकडे त्याला ग्वेननेच नेलं होतं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात तिने बरोबर दार गाठलं, आणि टेबलामागच्या मुलीने तिला नावाने हाक मारली. लायलला त्याचं नवल वाटलं नाही. ग्वेनला अख्खा जिल्हा ओळखायचा. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना ती गाडीने घरोघरी जेवण पोचवायची, आणि तिचं बोट कधी चुकायचं नाही.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा स्नो मागे फिरून तिथे हजर.

"काय रे लायल, मघाशी बोट उचललंस की काय? मला वाटलं माशी हाकलतोयस. तब्येत बरी आहे ना?"

"मी सराव करतोय."

"मरायचा का? माझ्यावर करू नकोस बाबा, मी खड्ड्यात जाता जाता वाचलो!"

ग्वेन हसली नाही.

गुरुवारी कार्यालयाची बाई, नेरिडा, तिकडची गाडी घेऊन आली. पायात शहरी बूट, मांडीवर कागद, पायाशी तिचा स्वतःचा ब्रेक. लायलने आरसे लावले, पट्टा ओढला, गाडी काढली. समोरून पहिली गाडी आली. खुंट मोजले, बोट वर. दुसरी आली, पुन्हा वर.

नेरिडाने काहीतरी लिहिलं. "लायल, हाताला मुंग्या येतात का?"

"नाही."

"मग ते बोट? आपोआप उठतं?"

तेवढ्यात तिसरी गाडी गेली. तिच्या चालकाचंही बोट उठलं. नेरिडाने मान वळवून पाहिलं.

"यांनाही तसंच होतं?"

"सगळ्या गावाला होतं," लायल म्हणाला. "त्यांनी कळवलंय की नाही ते तुम्हालाच ठाऊक."

मग त्याने खरं ते सांगून टाकलं. खोटं बोलायला त्याला फार वेळ लागे, आणि समोर वळण होतं. "हा नमस्कार आहे, बाई. माझा नाही, चारचौघांचा. तुमच्यासाठी शिकलो. पण खुंट मोजताना रस्त्यावरचं लक्ष उडतं."

नेरिडाने आपलं लिहिलेलं खोडलं. "मग नका ना उचलू."

लायलने दोन्ही हात चाकावर ठेवले. खांदे कानांपासून खाली आले.

धान्याच्या कोठारांआधी, रस्ता रिकामा दिसत असताना, त्याने वेग एकदम कमी केला.

"काय झालं?"

"कापणी चालू आहे. ट्रक वळतो तिथे गहू सांडतो. गव्हावर काकाकुवे बसतात. ते उडायला आळशी, आणि ट्रकवाला त्यांना चुकवायला आपल्या बाजूला येतो."

वळणावर गुलाबी काकाकुव्यांचा थवा भसकन उठला, आणि त्यांच्यामागून समोर आलेला लांबलचक ट्रक खरोखरच अर्ध्या रस्त्यावर सरकला. लायल कडेला थांबला होता. ट्रक गेला. चालकाने बोट उचललं. लायलने नाही.

नेरिडाचा पाय मात्र ब्रेकवरच राहिला होता, थोडा वेळ.

घरी ग्वेन पायरीवर उभी होती. स्कोनचे छोटे गरम पाव, जॅम, साय, आणि सगळ्या कपांचे कान एकाच दिशेला.

"परवाना राहिला," नेरिडा म्हणाली. "बससुद्धा. अट एकच, बोट उचलायचं नाही."

ग्वेन मटकन पायरीवर बसली. हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "राहिला? कळवूनसुद्धा राहिला?"

"कळवलं म्हणूनच तर आम्ही येऊन बघतो. बहुतेकांचा राहतो." नेरिडाने स्कोन फोडला. "पण ते खुंटांचं गणित कुणाच्या डोक्यातून निघालं हो? येताना मी बघत आले, कुणी चार खुंट असतानाच उचलतं, कुणी अगदी जवळ आल्यावर. बोट उचलायला कुणी खुंट मोजत नाही. मनात आलं की उचलतात."

ग्वेनचा कप ओठांपाशी थांबला. "कुणीच नाही मोजत?"

"कुणीच नाही."

ग्वेनने कप खाली ठेवला, त्याचा कान इतरांच्या दिशेला वळवला, आणि खुंटीवरची आपल्या गाडीची किल्ली काढली.

"मग स्कोन लवकर संपवा, बाई," ती म्हणाली. "त्या डॉक्टरांनी मलाही तेच सांगून कळवायला लावलं होतं, लायलच्याही आधी."