बारडोलीचे पाहुणे

"कुठून आलात?" बोटीची तिकिटं देणाऱ्यानं विचारलं.

"बारडोली," भिकन म्हणाला.

"बारडोली," सोनालीही म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. सापुताऱ्याच्या बसमध्ये बापानं तिच्याकडून ते पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

तिकीटवाल्यानं तिघांना खालीवर न्याहाळलं. चौऱ्याण्णवचा तो सप्टेंबर. सुरतेत प्लेग होता, आणि सुरतचा माणूस नुसत्या नजरेनं ओळखण्याची विद्या सगळ्या मुलखाला एका आठवड्यात अवगत झाली होती. पण भिकनच्या डोळ्यांवर नवा गॉगल होता. तिकिटं मिळाली.

सुरतेतली त्यांची अख्खी भेस्तान वस्ती मिळेल त्या गाडीला लोंबकळून खानदेशात पळाली होती. भिकन सुपरवायझर, त्याला पळणं शोभत नव्हतं. "गावी गेलो तर पळून आले म्हणतील. इथे आलो तर सहल," असं त्यानं बायकोला समजावलं होतं. सरलाबाईला ते पटलं नव्हतं, पण तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तळं काठोकाठ भरलेलं. वरच्या पठारावर नाशिकची हौशी मंडळी जीपला बांधलेल्या छत्रीनं उडत होती आणि आईच्या नावानं किंचाळत होती. तिघं केशरी जॅकेटं चढवून पायडलच्या बोटीत बसली. बोटवाला दोर सोडणार, तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली.

"ओ भिकनभाऊ! तुम्ही बी आठेच? कव्हय उनात?"

धुडकू. भेस्तानात भिंतीला भिंत लागून राहणारा. मागे त्याची बायको वत्सला. परमुलखात घरचं माणूस दिसल्याचा आनंद दोघांच्या तोंडावर मावत नव्हता. सोनाली 'काका' म्हणायला उठली, तर भिकननं तिचं तोंड दाबलं. दुसऱ्या हातानं खिशातला रुमाल काढून स्वतःच्या नाकाला लावला.

"हे लोक सुरतचे आहेत," तो बोटवाल्याला म्हणाला. "जवळ येऊ देऊ नका."

"तुम्हाला काय माहीत?"

"बोलीवरून कळतं ना!" भिकन म्हणाला. सकाळपर्यंत तोही तीच अहिराणी बोलत होता.

धक्का रिकामा व्हायला वेळ लागला नाही. भेळवाल्यानं मुरमुऱ्यांवर फडकं ओढलं. बोटवाल्यानं बांबू उचलून आडवा धरला.

धुडकूनं भिकनकडे पाहिलं. मग केशरी जॅकेटातल्या पोरीकडे पाहिलं.

"चुकलं साहेब," तो अगदी शुद्ध मराठीत म्हणाला. "ओळखीचे वाटले." आणि वत्सलाच्या दंडाला धरून चढावाच्या रस्त्याला लागला.

बोट तळ्याच्या मध्यावर आली.

"त्यांना खरंच झालाय का हो?" सरलाबाईनं विचारलं.

"छे गं! परवा रात्री त्यांच्याकडेच तर जेवलो. तुझा स्टो बांधून ठेवलेला होता ना?" भिकन पायडल मारत होता. त्यानं जीभ टाळूला लावून मिटकी मारली. "शेवभाजी मात्र फक्कड करते हो वत्सला. मी दोनदा मागून घेतली."

सरलाबाईनं तोंडावर पदर धरला. पण पदर पुरला नाही. ती बोटीच्या कडेवरून वाकली आणि भडाभडा ओकली.

शेजारच्या बोटीतलं हसणं थांबलं. मग आजूबाजूच्या सगळ्याच बोटींची पायडलं एकदम जोरात फिरायला लागली. काठावर शिटी वाजली. बोटवाला बांबू घेऊन पाण्यापर्यंत उतरला. "ओ बारडोली! बाईंना काय होतंय?"

"काही नाही! काही नाही!" भिकन ताडकन उभा राहिला तशी बोट डुलली. "बोट लागली तिला! सवय नाही ना, बोट लागली!" मग दात आवळून खाली म्हणाला, "सांग ना गं त्यांना."

सरलाबाईनं तोंड पुसलं. सोनालीला कुशीत ओढलं. काठावर दाटीनं उभ्या राहिलेल्या नाक झाकलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बोट नाही लागली. आणि आम्ही बारडोलीचे नाही."