कसला ताप?

केमो घेऊन घरी निघालेल्या आजींना नर्सने दहादा बजावलं होतं, "आता साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नका. आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, तडक मला फोन करायचा."

आठवडा उलटला तरी फोन नाही, म्हणून शेवटी तिनेच लावला.

"आजी, काही ताप नाही ना?"

"छे गं पोरी, कसला ताप! सगळं अगदी छान चाललंय."

आजी मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या, पण मधूनमधून दात वाजल्याचं ऐकू येत होतं.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"दोन ब्लँकेटं घेतली तरी हुडहुडी जात नाही बघ. कालपासून अंग नुसतं भाजतंय."

"अहो, मग ताप नाही असं कसं म्हणालात?" नर्स जवळजवळ ओरडलीच.

मग आजी कुजबुजल्या,



"अगं, तो ताप होय? मला वाटलं, सुनेचा विचारतेयस. ती समोरच बसलीये ना!"