शिजलेला घाटा

डबा उघडला आणि नूतनचा चेहरा उतरला. तिने तीन दिवस आंबवलेली कच्ची ज्वारी मागवली होती. नरडाण्याच्या आत्याकडून रेल्वेने आला होता तो बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, शिजवलेला घट्ट घाटा. फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट.

"आता तेल-तिखट घालून खाऊन टाकू," हितेंद्र म्हणाला. जळगावच्या प्रयोगशाळेतला तो तिचा सहकारी.

नूतनला हसू आले नाही. आंबवणातले जिवंत जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जागे करतात का, हे तिला पाहायचे होते. रक्तदात्याच्या पेशींची ही शेवटची खेप. संध्याकाळपर्यंत प्रयोगात वापरल्या नाहीत तर त्या निकामी होणार होत्या आणि नवी खेप मिळण्याआधीच प्रकल्पाची मुदत संपत होती. तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, कच्चं पाठवा म्हटलं होतं ना!"

"कच्चं आंबट कोणा दारले धाडतस का?" भिकुबाईंनी उलट तिलाच झापले. "लोके नाव ठेवतीन. पहाटे उठीसन घाटा शिजाडा मी."

इतका वेळ रटरटलेल्या घाट्यात जिवंत असे काय उरणार? तरी पेशी वाया जाण्यापेक्षा बरे, म्हणून नूतनने तो पातळ केला, गाळला आणि पेशी भरलेल्या तबकडीतल्या एका ओळीत सोडला. शेजारच्या ओळीत तुलनेसाठी न आंबवता शिजवलेली ज्वारी सोडली. आशा सुटली होती. पद्धत सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. साध्या ज्वारीच्या ओळीतल्या पेशी निवांत होत्या. घाट्याच्या ओळीतल्या पेशी मात्र जाग्या होऊन एकमेकींना इशारे देत होत्या. नूतनने मोजणी तीनदा तपासली. जिवाणू मेले होते, पण त्यांच्या कवचांचे तुकडे घाट्यात शाबूत असणार, आणि पेशींनी तेवढ्यावरून ओळख पटवली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पेशींची पारख पाहून ती थक्क झाली. तिने पुन्हा फोन लावला.

"आत्या, तुमच्या घाट्यानं प्रयोग तारला! जिवाणू मेलेले, तरी पेशी खडबडून उठल्या. मला अजून खरं वाटत नाही."

"त्यामा काय नवल?" भिकुबाई म्हणाल्या. "मन्ही सासूले जाईसन वीस वरीस व्हयनात. तरी तिना फोटूसमोर आजबी मी डोकावर पदर लेस."