हिरव्या टाक्यांचं फूल

दरवर्षी नोव्हेंबरात युद्धस्मारकाकडे जाताना लायनेलच्या कोटाला युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी टाचलेलं पॉपीचं कागदी फूल वाटेत पडायचंच. यंदा म्युरिएलनं ते हिरव्या दोऱ्यानं शिवूनच टाकलं.

"हे टाके आहेत की कोंबडीचे पाय?" नवऱ्यानं विचारलं.

"आता हरवून दाखव."

तो परतला तेव्हा कोटावर फूल नव्हतं.

"सिडनीदादानं ढापलं असणार," तो म्हणाला. "लहानपणापासून माझं काही सोडायचा नाही."

म्युरिएल हसली आणि तिनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. युद्धात मारल्या गेलेल्या सिडनीचं ते चित्र सासूबाईंनी तीस वर्षांपूर्वी काढलेलं. त्याच्या गणवेशावर कधीच फूल नव्हतं. आज होतं.

तिनं बोट लावलं. रंग जुना, वाळून तडकलेला होता. देठावर हिरवे टाके होते, तेही रंगवलेले, कोंबडीच्या पायांसारखे.