दोन बोटं

“अहो, उलटं कोरलंत ना?” आफ्राने विचारलं.

“तीस वर्षं तेच करतोय, बाई. पत्र्यावर उजवं ते कागदावर डावं,” फाइट म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

आफ्राने पहिल्या संसारातून आणलेल्या जुन्या चामडी हातमोज्याची घडी करून शेगडीवरचा तापलेला तांब्याचा पत्रा उचलला. शाई भरली, पुसली, वर ओला कागद ठेवून दाबयंत्र फिरवलं.

किल्ल्यावर पकडून आणलेल्या रानमाणसाचं ते चित्र होतं. फाइटने जत्रेत विकायला आजवर शेकडो रानमाणसं कोरली होती, सगळी मनातली. हा मात्र खरा. अंगभर केस, तोंडात शब्द नाही. सरदाराचा हुकूम होता, चित्र सगळ्या चर्चच्या दारांवर लावा. रविवारपर्यंत कुणी नाव सांगितलं तर तो माणूस. नाही तर जनावर, जाळून टाका.

त्या रानमाणसाच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती.

आफ्राचा पहिला नवरा उट्झ नऊ वर्षांपूर्वी रानात गेला, तो परतलाच नाही. करवतीत त्याची दोन बोटं गेली होती, एवढं फाइटला ठाऊक होतं. कोणत्या हाताची, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. उट्झचं गाव प्लेगात ओस पडलेलं. त्याला ओळखणारी एकटी आफ्राच उरली होती. तो जिवंत निघाला तर फाइटचं लग्न मोडणार, पाळण्यातली बार्बल अनौरस ठरणार.

बोटं पुरी कोरावीत, असं दहादा मनात आलं. तरी फाइटने दिसलं तसंच कोरलं.

आफ्राने ओला कागद सोलून उजेडात धरला.

“उट्झ?” त्याने विचारलंच.

“छे. त्याची उजव्या हाताची गेली होती. हा कुणी परका आहे बिचारा.”

“नीट बघ. जिवाचा प्रश्न आहे.”

“त्या हाताचा सहा वर्षं मार खाल्लाय मी. विसरेन होय?”

फाइट मटकन बाकावर बसला आणि पोरासारखा रडला.

रविवारी किल्ल्यामागून धूर चढला. त्याने खिडकी लावून घेतली.

सोमवारी आफ्रा मुलीला घेऊन नदीवर धुणं धुवायला गेली. इकडे पत्रा तापला. फाइटने खुंटीवरचा हातमोजा काढला. घडी घालायचं त्याला सुचलं नाही. मोजा डाव्या हाताचा होता. त्याने तो सरळ चढवला.

अंगठा आणि दोन बोटं आत शिरली. उरलेल्या दोन बोटांची जागा कधीचीच शिवून टाकलेली होती.