मोहाचा पेला

मानोऱ्याजवळच्या एका गावी आशासेविका मंजुषाताईंनी आपला भ्रमणध्वनी दोन वर्षांच्या बालिकेच्या मुखासमोर धरला. गर्भारपणी मातेच्या पोटात दारू गेली असल्यास अपत्याच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या खुणा त्या यंत्राद्वारे प्राथमिक स्वरूपात ओळखता येत असत. बालिकेची माता गंगू पुनश्च गर्भवती होती, आणि सासू पारबताबाई मोहाच्या दारूचा पेला घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्याने पोटुशीला बळ येते, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती.

"एकही खूण नाही!" मंजुषाताई आनंदाने उद्गारल्या.

"पाह्य! मांगच्या खेपेले म्या रोज पेला देल्ला, काय झालं पोरीले? घे, पे!" सासूबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या.

गंगू पदराआड हसली. "आत्याबाई, तुमी पाठ फिरवली का तो पेला तुमचा पोरगाच पेऊन जाये."

पारबताबाईंनी हातातील पेला अंगणात रिता केला आणि दाराआडून सटकणाऱ्या सुपुत्राची बखोटी धरली.

"पळतो कुठी, गोविंदा? मंजुषा, याचं थोबाड पाह्य त्या मोबाइलात, साऱ्या खुना तठीच असतीन!"