पुढच्या वर्षीचा कागद

पाच वर्षांपूर्वी भिवंडीजवळ मानकोली नाक्यावर दौलतकाकांचं हृदय बंद पडलं. हॉस्पिटलातल्या यंत्राने त्यांचं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू भरून, ते पुन्हा अंगात सोडलं आणि काका परत आले. तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला तिथली सिस्टर विद्युल्लता फोन करून तब्येत विचारते आणि उत्तरं त्या वर्षीच्या कागदावर भरते. काका त्या दिवसाला आपला वाढदिवस म्हणतात, आणि कमळाकाकू शिरा करतात.

"जिना चढताना धाप लागते?"

"न्हाय बाय. तूच ये चढायला, बघू कोन दमतंय!"

"घरी काळजी घ्यायला पत्नी आहेत?"

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून काकू दर वर्षीसारख्याच ओरडल्या, "हाय हाय! जातेय कुठं!"

सिस्टर हसली. मग तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका, गंमतच आहे. पुढच्या वर्षीचा कागदही भरलेला दिसतोय. अक्षर माझंच, पण मी कधी लिहिलं ते आठवत नाही."

"म्हंजे पुढल्या सालीबी मी हाय!" काका खूश झाले. "वाच, वाच. धाप?"

"नाही."

"झोप?"

"कमी झालीय."

"वय झालं, चालायचंच. आनि बायको?"

तिकडे कागद घाईघाईने मिटल्याचा आवाज आला.

काकू शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर आल्या, काकांच्या शेजारी टेकल्या आणि फोनकडे वाकून हसत म्हणाल्या, "अगं, सांग की, हाय म्हनून."